आमच्या घरातले दिवे : कोणता कुठे लावावा?



डिसेंबरच्या सुरुवातीला गुरुजींनी आम्हा सातवीच्या मुलांना भित्तिपत्रकासाठी 'घरातील वीज' हा विषय दिला. कुणी पंख्यावर लिहिले, कुणी शेतातल्या मोटारीवर. माझ्या वाट्याला दिवे आले. मला वाटले, हा तर सर्वांत सोपा विषय. पिवळा बल्ब काढावा, एल.ई.डी. लावावा, संपला लेख! पण तसे झाले नाही. मध्येच माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि तिचे नुकसान आईला सोसावे लागले. गुरुजी म्हणाले, "तेही लिही." म्हणून तेही लिहिले आहे.

आधी आमच्या घरात कोणते दिवे होते ते सांगते. पुढच्या खोलीत ट्यूब. स्वयंपाकघरात साठचा पिवळा बल्ब. मागच्या पडवीत आणखी एक साठचा. देवाजवळ झिरोचा लाल बल्ब, तो रात्रभर चालू असायचा. काहीजण म्हणतील, आता पिवळे बल्ब कोण लावतो? पण साक्रीच्या बाजारात ते अजून मिळतात. पिवळा बल्ब पंधरा-वीस रुपयांना येतो आणि एल.ई.डी.ला ऐंशी-शंभर पडतात. नाना म्हणायचे, "शंभरात आपले पाच बल्ब येतात. मग तो महागाचा कशाला?" नानांचे म्हणणे चूक की बरोबर ते पाहायचे म्हणून आम्ही मीटरवर प्रयोग केला.

तुमच्या घरचे मीटर एकदा नीट पाहा. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. त्याचा अर्थ असा, की तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की आपले एक युनिट झाले. (काही मीटरवर १६०० असतो, आधी पाहून घ्या.) एक युनिट म्हणजे १००० वॉटचे काहीतरी एक तास चालवणे. शंभराचा बल्ब दहा तास चालला तरी एकच युनिट.

माझे मामा वायरमन आहेत. ते रविवारी आले होते. बल्ब बदलायचे काम त्यांनी केले. मी घड्याळ घेऊन ओट्यावर मीटरसमोर बसले. घरातले सगळे बंद केले. टीव्हीचा आणि फ्रिजचा प्लगही काढला, कारण प्लग लावलेला असला की टीव्ही बंद असूनही थोडी वीज खातोच. मग स्वयंपाकघरात एकच बल्ब लावला आणि दहा मिनिटे लुकलुक मोजली.

साठच्या पिवळ्या बल्बला ३१ वेळा लुकलुक झाली. हिशेबाने ३२ यायला हवी होती. गुरुजी म्हणाले, व्होल्टेज थोडे कमी असेल, म्हणून एक कमी आली. मग ९ वॉटचा एल.ई.डी. लावला. मी डोळे न मिटता बसले होते, तरी मला वाटले मीटर बिघडले की काय. दोन-दोन मिनिटे काही होईचना! दहा मिनिटांत ५ वेळा. पुन्हा मोजले तर ४ वेळा. आणि स्वयंपाकघरात उजेड पहिल्यापेक्षा जास्त. आईला तांदळातला खडा वरच्या फळीजवळ उभे राहूनसुद्धा दिसला.

आता खरी गंमत सांगते. मामांना म्हटले, देवाजवळचा झिरोचा बल्बही मोजू या. मोठी माय म्हणाली, "त्याले काय मोजनं? तो तं झिरोना शे!" आम्हीही हसलो. पण मोजला. दहा मिनिटांत ८ लुकलुक! म्हणजे झिरोचा म्हणतात तो बल्ब साधारण १५ वॉट खातो. स्वयंपाकघरभर उजेड देणाऱ्या एल.ई.डी.पेक्षाही जास्त, आणि उजेड किती तर देवाचा मुखवटा दिसेल एवढा. मामांनी सांगितले, पूर्वीच्या चाकाच्या मीटरवर एकटा झिरोचा बल्ब लावला तर चाक फिरल्यासारखे दिसायचे नाही, म्हणून लोक त्याला झिरोचा म्हणू लागले. नाव शून्य, पण वीज शून्य नाही. आमचा तर तो रात्रभर चालायचा. रात्रीचे दहा तास धरले तरी महिन्याला साडेचार युनिटे नुसती त्याची. आता तिथे अर्ध्या वॉटचा छोटा एल.ई.डी. लावला आहे. त्याच्यापुढे मी दहा मिनिटे बसले, एकही लुकलुक दिसली नाही. झिरोचा म्हणायचे तर त्याला म्हणा.

नानांसाठी मी वहीत हिशेब मांडला तो असा. साठचा बल्ब रोज ५ तास चालला तर रोज ३०० वॉट-तास. महिन्याचे ९ युनिट. ९ वॉटचा एल.ई.डी. रोज ५ तास चालला तर महिन्याचे १.३५ युनिट. म्हणजे महिन्याला ७.६५ युनिट वाचले. विजेचा दर बदलत असतो आणि बिलात इतरही आकार असतात, म्हणून मी सोपी युक्ती केली. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागले की एक युनिट आपल्याला कितीला पडते ते कळते. हिशेबासाठी मी ७ रुपये धरले. महिन्याला सुमारे ५३ रुपये वाचले. एल.ई.डी.साठी जे ऐंशी रुपये जास्त दिले ते दोन महिन्यांच्या आतच वसूल! वर्षाचे ९३ युनिट, म्हणजे सुमारे ६५० रुपये, आणि तेही एकाच बल्बमागे. शिवाय पिवळा बल्ब साधारण १००० तास टिकतो, चांगला एल.ई.डी. त्याच्या पंधरा ते पंचवीस पट. नानांनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, "तुझा गुणाकार बरोबर आहे ना?" मी म्हटले, गुरुजींनी तपासला आहे. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून तीन एल.ई.डी. घेऊन आले.

एवढा फरक का पडतो, ते आता पाहू या.

पिवळ्या बल्बच्या आत टंगस्टन नावाच्या धातूची केसापेक्षाही बारीक तार असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. किती तापते? साधारण २५०० अंश सेल्सिअस. लोखंड १५३८ अंशाला वितळते, यावरून कल्पना करा. टंगस्टन मात्र ३४०० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून ते तग धरते. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापून लाल-पिवळे होते तसाच हा प्रकार. उजेड हवा म्हणून आपण तार तापवतो. पण तापलेल्या तारेची बहुतेक शक्ती उष्णता म्हणून जाते. १०० भाग वीज दिली तर उजेड होतो जेमतेम ५ भागांचा. बाकीचे सगळे ऊन! तार हवेत जळून जाऊ नये म्हणून आतली हवा काढून आरगॉन आणि नायट्रोजन हे वायू भरतात. तरीही तारेचे कण हळूहळू उडतात आणि काचेला आतून काळा डाग पडतो. एखादा उडालेला जुना बल्ब घरी असेल तर पाहा, डाग दिसेल.

एल.ई.डी.मध्ये तार नसते आणि तापवणेही नसते. त्यात अर्धवाहक नावाच्या पदार्थाचे कण बसवलेले असतात. त्यांतून वीज गेली की त्यांच्यातून सरळ प्रकाशच बाहेर पडतो. पण तो प्रकाश निळा असतो! मग पांढरा कसा दिसतो? त्या कणावर पिवळ्या पदार्थाचा थर असतो. थोडा निळा प्रकाश त्या थरात शिरून पिवळा होतो आणि निळा व पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. बिघडलेल्या एल.ई.डी.चे वरचे पांढरे टोपण मामांनी काढून दाखवले, तर आत हळदीने रंगवल्यासारख्या पिवळ्या टिकल्या ओळीने बसलेल्या होत्या. (हे मोठ्यांनी करायचे काम आहे, तेही होल्डरमधून काढलेल्या बल्बवर.)

लाल एल.ई.डी. अमेरिकेतल्या निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. पण निळा काही केल्या जमत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा होत नव्हता. तीस वर्षे गेली. शेवटी जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो जमवला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एडिसनने आपला बल्ब १८७९ साली पेटवला होता. मोठी माय मात्र म्हणते की तिच्या माहेरी ती चिमणीच्या उजेडात भाकरी करायची आणि चूल जास्त उजेड द्यायची की चिमणी, ते सांगता येत नसे.

आपल्या देशात एल.ई.डी. घरोघर गेले ते 'उजाला' योजनेमुळे. ५ जानेवारी २०१५ रोजी ती सुरू झाली. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्ब विकत घेतले, म्हणून जो बल्ब २०१४ साली कंपनीला ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ साली ३८ रुपयांना पडू लागला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. पुढे २०२१ साली 'ग्राम उजाला' निघाली. तीत चालू पिवळा बल्ब परत दिला की १० रुपयांत एल.ई.डी. मिळायचा. महाराष्ट्रात ती नागपूरकडच्या खेड्यांत होती, आपल्याकडे नव्हती.

आपल्या साक्री तालुक्यात वीज तयार होते हे तुम्हांला माहीत आहेच. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच आहे. मला वाटायचे, मग आपण विजेची काटकसर कशाला करायची? सूर्य आपलाच, वारा आपलाच! गुरुजींनी एकच प्रश्न विचारला : "दिवे आपण केव्हा लावतो?" रात्री. आणि रात्री सूर्य कुठे असतो? शिवाजीनगरच्या पाट्या संध्याकाळी निजतात, नेमके तेव्हाच गावोगाव दिवे लागतात. त्या वेळची वीज जास्त करून दगडी कोळशाची. आपल्या खानदेशातच भुसावळजवळ दीपनगरला मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. नाव किती छान, दीपनगर! एक युनिट करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. एका बल्बमागे वर्षाला ९३ युनिट वाचले, म्हणजे अर्धा क्विंटल कोळसा वाचला. आणि एक लाख घरांनी एकेक साठचा बल्ब बदलला तर ५१ वॉट गुणिले एक लाख, म्हणजे एका वेळी ५ मेगावॉटचा भार कमी होतो.

इथपर्यंत माझा लेख लिहून झाला होता. फळ्यावर मी वाचूनही दाखवला होता. वर्गात टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात चूक झाली.

आईने डिसेंबरात बचत गटाच्या कर्जातून कोंबडीची ५० पिल्ले घेतली. एका दिवसाची पिल्ले, कापसाच्या बोंडासारखी. मागच्या पडवीत पुठ्ठ्याचे गोल कडे केले, खाली भुसा पसरला, वर डाले उपडे टांगले आणि डाल्यात शंभराचा पिवळा बल्ब सोडला. तो बल्ब रात्रंदिवस चालू! मी येता-जाता मीटर पाहायची. शंभराला दहा मिनिटांत ५३ लुकलुक. मला चैन पडेना. माझ्या लेखात मी एवढे लिहिले आणि आमच्याच घरात शंभराचा बल्ब चोवीस तास जळतो आहे. रोजचे २.४ युनिट! कुणी पाहिले तर काय म्हणेल?

आलेल्याला चौथा दिवस होता. रात्री सगळे निजल्यावर मी बटण बंद केले, फडक्याने धरून शंभराचा बल्ब काढला आणि ९ वॉटचा एल.ई.डी. लावला. सगळे कसे लख्ख झाले. पिल्ले जागी होती, चिवचिव करत होती. मला वाटले, त्यांनाही बरे वाटले असेल. पहाटे आईला सांगू, एका रात्रीत किती युनिट वाचले ते, असा विचार करत मी झोपले.

साक्रीला डिसेंबरात थंडी कशी पडते ते तुम्हांला सांगायला नको. पहाटे आईची हाक ऐकू आली. मी धावत गेले. सगळी पिल्ले एका बाजूला एकमेकांवर चढून ढीग झाला होता. वरची कुडकुडत होती. खालची दबून मेली होती. आईने एकेक उचलून बाजूला ठेवले. मी मोजत होते. १४.

"दिवा कोणी बदलला?" आईने विचारले. मी म्हटले, "मी." आई काही बोलली नाही. तिने शंभराचा बल्ब परत लावला आणि जिवंत पिल्ले हातांनी डाल्याखाली सारली. नाना नुसते उभे होते. मोठी माय जवळ आली आणि म्हणाली, "पोरी, तो दिवा नही व्हता. पिलेसनी शेगडी व्हती ती."

मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी प्रयोगपेटीतला तापमापक दिला आणि म्हणाले, "जे मोजले नाहीस ते आता मोज."

म्हणून मी मोजले. पिल्लांच्या कड्यात नाही, शेजारच्या रिकाम्या डाल्याखाली. संध्याकाळी पडवीतले तापमान १७ अंश होते. शंभराचा बल्ब भुशापासून दीड वीत वर लावला. अर्ध्या तासाने भुशावर ३४ अंश. मग एल.ई.डी. तेवढ्याच उंचीवर लावला. अर्ध्या तासाने १८ अंश! एक अंश फक्त वाढला. उजेड तर एल.ई.डी.चा काही कमी नव्हता. हात खाली धरला की कळत होते. पिवळ्या बल्बखाली उन्हात धरल्यासारखे वाटे. एल.ई.डी.खाली चांदण्यात धरल्यासारखे. एल.ई.डी. अगदीच गरम होत नाही असे नाही, त्याची मान थोडी गरम लागते. पण ती उष्णता वर मानेतच राहते, उजेडाबरोबर खाली येत नाही. आणि मुळात सगळी मिळून वीज ९ वॉट, त्यात ऊब ती किती असणार?

तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात आईबरोबर गेले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले. लहान पिल्लाला अंगावर पिसे नसतात, स्वतःची ऊब स्वतः राखता येत नाही. कोंबडी असती तर पंखाखाली घेतले असते. कोंबडी नाही म्हणून बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे ३५ अंश लागतात. मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत जायचे. एका पिल्लामागे एक ते दोन वॉट हा साधा हिशेब, म्हणजे पन्नासांना शंभराचा बल्ब बरोबरच होता. आईला हा हिशेब कुणी शिकवला नव्हता, ती पिल्लांकडे पाहून ठरवत होती. डॉक्टरही तेच म्हणाले. पिल्ले बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. चोच उघडी टाकून कडेला पळाली तर ऊन जास्त झाले, बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर आहे. त्या रात्री एल.ई.डी.खाली पिल्ले चिवचिव करत होती ती थंडीने करत होती. मला ते आनंदाचे वाटले.

लेखाचा पहिला भाग मी त्यामुळे बदलला नाही, कारण तो चुकीचा नव्हता. पिवळा बल्ब १०० पैकी ९५ भाग वीज वाया घालवतो, असे मी आधी लिहिले होते. त्यातला 'वाया' हा शब्द तेवढा काढून टाकला. स्वयंपाकघरात ते ९५ भाग वायाच जातात, उन्हाळ्यात तर उलट त्रास देतात. पडवीत मात्र ते ९५ भागच हवे होते आणि उजेड असला काय, नसला काय!

ज्यांच्या घरी पिल्लांसाठी बल्ब लावतात त्यांनी एक काळजी घ्यावी. पिवळ्या बल्बची काच चटका बसेल इतकी तापते. भुसा, गोणपाट किंवा पुठ्ठा तिला लागला तर पेट घेऊ शकतो. बल्ब नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वेगळा बांधावा. मामांनी आमचा तसाच बांधून दिला. रात्री वीज गेली तर काय, हाही प्रश्न आहे. आईने आता एका मडक्यात निखारे ठेवायची तयारी करून ठेवली आहे, पण ते मडके कड्याच्या बाहेर आणि पडवीची खिडकी उघडी ठेवून, कारण निखाऱ्यांचा धूर कोंडला तर माणसालाही घातक असतो.

आता एल.ई.डी. घेताना काय पाहावे, ते थोडक्यात सांगते. खोक्यावर वॉट लिहिलेले असतात तसे ल्युमेनही लिहिलेले असतात. वॉट म्हणजे किती वीज खाणार, ल्युमेन म्हणजे किती उजेड देणार. साठचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो आणि चांगला ९ वॉटचा एल.ई.डी. सुमारे ९००. दुकानात वॉट विचारण्यापेक्षा ल्युमेन विचारा. खोक्यावर ऊर्जा बचतीचे तारे आणि आय.एस. १६१०२ हा क्रमांक आहे का पाहा. पावती आणि खोके फेकू नका, मुदतीच्या आत बिघडला तर बदलून मिळतो. आम्ही रस्त्यावरच्या गाडीवरून एक अगदी स्वस्त घेतला होता, तो पंधरा दिवसांत मिचकावू लागला आणि पावती नव्हती. बिघडलेला एल.ई.डी. उकिरड्यावर टाकू नये, कारण त्यात रेडिओसारखे बारीक भाग असतात.

व्होल्टेजचेही सांगायला हवे. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमचा साठचा बल्ब गुंजेसारखा लाल व्हायचा आणि मला अभ्यास सोडावा लागायचा. एल.ई.डी. तेवढ्याने मंद होत नाही, कारण त्याच्या मानेत वीज सांभाळणारे यंत्र असते. पण तेच यंत्र त्याचे नाजूक ठिकाणही आहे. बंद काचेच्या हंडीत एल.ई.डी. लावला तर उष्णता कोंडते आणि तो लवकर जातो.

मोठ्या मायला पांढरा उजेड आवडला नाही. ती म्हणाली, "दवाखाना मायक दिखस." तिच्या खोलीत दोन दिवस तिने दिवाच लावला नाही, अंधारात बसली. मग मामांनी सांगितले की एल.ई.डी. पिवळसर उजेडाचाही मिळतो. खोक्यावर वॉर्म व्हाइट किंवा ३००० के असे लिहिलेले असते. पांढऱ्याशुभ्रावर ६५०० के असते. ३००० चा आणला. वीज तेवढीच, पण उजेड जुन्या बल्बसारखा. आता ती त्याखाली वाती वळत बसते. आमच्या घरी हा बदल मीटरमुळे नाही, तिच्यामुळे झाला, आणि तो चांगला झाला असे मला वाटते.

तर सध्या आमच्या घरी असे आहे. स्वयंपाकघरात ९ वॉटचा पांढरा एल.ई.डी. मोठ्या मायच्या खोलीत पिवळसर एल.ई.डी. देवाजवळ अर्ध्या वॉटचा. ट्यूब अजून चालते आहे, ती उडाली की बदलायची असे नानांनी ठरवले आहे. पडवीत शंभराचा पिवळा बल्ब होता.

होता असे लिहिले, कारण परवा तो काढला. ३६ पिल्लांना आता पंखांची पिसे आली आहेत, ती दुपारी अंगणात फिरतात. आईने बल्ब पुसला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवला. पुढच्या खेपेला लागेल म्हणाली. पुढच्या खेपेला बटणाजवळ मी जायचे नाही, अशी तिची अट होती. मी विचारले, तापमापक घेऊन गेले तर चालेल का? आई म्हणाली, "तापमापक चालेल."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी